थोडी हवा सोडा की!

नवी माउंटन बाइक घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने टायर दगडासारखे टणक केले आणि म्हणाला, "काका, पन्नास पौंड मारलीय, नुसती पळेल." वर हँडलला लिंबू-मिरची बांधून दिली. दुसऱ्या दिवशी वेताळ टेकडीच्या पहिल्याच उतारावर लिंबू कुठेतरी उडून गेलं. त्याने काही बिघडलं नाही. पन्नास पौंडांनी मात्र जीव खाल्ला.

काळ्या गोट्यांवरून जाताना दात वाजत होते, समोरचं दिसत नव्हतं, आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सरळ बाहेर पळालं. एका झाडाखाली थांबलो, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आतली पिन काटकीने दाबली. फुस्स. अंगठा टायरमध्ये जरासा रुतेपर्यंत हवा सोडली, पुढेमागे दोन्हीकडे. पुन्हा बसलो तर सायकलच बदललेली! त्याच गोट्यांवरून ती मांजरासारखी निघाली. ती वाट मी त्या सकाळी तीनदा केली, एकदा मोठ्याने हसतसुद्धा.

टणक टायर हलका पळतो, हे डांबरी रस्त्यावर खरंच आहे. चाक फिरताना टायरचा खालचा भाग दबतो आणि पुढे सरकला की फुगतो. दबताना रबर जितकी ऊर्जा घेतं तितकी फुगताना परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. बल आणि दबणं यांचा आलेख काढलात तर जाताना एक वक्ररेषा मिळते, येताना तिच्या खालून दुसरी. दोन रेषांमधलं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यात बुडालेली ऊर्जा. याला हिस्टेरेसिस म्हणतात. टायर टणक तर दबणं कमी, म्हणून ते क्षेत्रफळही कमी. गुळगुळीत रस्त्यावर हिशोब इथेच संपतो.

पायवाटेवर दुसरं खातं उघडतं. मी आणि सायकल मिळून साधारण ९० किलो. टणक चाक २ सेंटीमीटरच्या गोट्यावर चढलं की आम्हालाही उचलतं. दोन्ही चाकं मिळून एका गोट्यामागे जवळपास १८ ज्यूल. सेकंदाला ३ मीटर वेग आणि दर मीटरला एक गोटा धरा, ५० वॅटच्या वर गेले! चढावर मी जेमतेम दीडशे वॅट काढतो. गोट्यावरून उतरताना यातलं थोडं परत मिळतं, पण बराचसा हिस्सा मांड्या, खांदे आणि (खोटं कशाला बोला) पोट हलवण्यात जातो. मऊ टायरमध्ये तोच गोटा आत शिरतो आणि आम्ही जवळजवळ जागच्या उंचीवर राहतो. आतली हवा दबते आणि लगेच पसरते. स्प्रिंग म्हणून हवा रबरापेक्षा फार प्रामाणिक, घेतलेलं जवळपास सगळं परत देते. शॉकअप असतोच, पण तो हलायला आधी चाक आणि त्याला जोडलेलं वजन वर यावं लागतं. बारीक खडीला तेवढी सवड नसते, तिथे टायरच शॉकअपचं काम करतो.

आता पकड. एका चाकावर ४५ किलो, म्हणजे सुमारे १०० पौंड. पन्नास पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला पन्नास पौंड दाब, त्यामुळे ढोबळमानाने जमिनीला टेकलेला टायर २ चौरस इंच. पंचवीसला ४. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं हे शाळेत शिकलो होतो, पण रबर आणि सुटा मुरूम तो नियम पाळत नाहीत. रबर खाचाखोचांत शिरून अडकतं, आणि टायरवरचे जास्त उंचवटे टेकले की ते जास्त मुरूम धरतात.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारांवर ज्यांच्यामुळे हा खेळ सुरू झाला, त्यांनी त्यासाठी जुन्या, जड, बलून (म्हणजे जाड, कमी हवेच्या) टायरच्या सायकली शोधून काढल्या होत्या. हलक्या रेसिंग सायकली हाताशी असूनही.

हल्ली "नायट्रोजन भरा, फरक पडेल" असंही सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. सायकलीसाठी उरलेल्या बावीसचे पैसे कशाला मोजायचे?

माझंही डोकं मग चढलं. पंचवीसवर एवढी मजा, तर पंधरावर किती, म्हणून पुढच्या रविवारी आणखी हवा सोडली. एका धारदार दगडावर मागून 'टक' आवाज आला आणि रिम जमिनीला टेकली. सायकल ढकलत खाली आणली. पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, तर शेजारी-शेजारी दोन जागी बुडबुडे. दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यात ट्यूब चिमटली होती.

"साप चावला वाटतं," तो म्हणाला आणि दोन पंक्चरचे पैसे घेतले.