बेडकाच्या गर्भात सी-कॅडहेरिन कुठे आणि ई-कॅडहेरिन कुठे

कॅडहेरिन म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी पेशीपडद्यावरची प्रथिनं, आणि पुढचं अक्षर त्यांचा प्रकार सांगतं. ई-कॅडहेरिन तुम्हाला माहितीये, त्याला कॅल्शियम लागतं, पेशीच्या आत त्याला कॅटेनिन नावाचं प्रथिन जोडलेलं असतं, सी-कॅडहेरिनचंही तसंच, त्यामुळे ते परत सांगत नाही. घोळ होतो तो जागेचा, आणि दर वेळी तोच. उंदीर शिकून बेडकाकडे आलेला माणूस हमखास लिहितो की सुरुवातीच्या पेशींना ई-कॅडहेरिन धरून ठेवतं. उंदरात 8 पेशींचा गर्भ घट्ट आवळला जातो तो ई-कॅडहेरिनमुळेच, मान्य. पण झेनोपसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या आफ्रिकन बेडकात, तेव्हा ते काम ई-कॅडहेरिनकडे नसतंच!

झेनोपसच्या अंड्यात आईकडून आलेलं असतं ते सी-कॅडहेरिन. अंडं विभागत जातं तसतसं हे नव्या पेशीपडद्यांवर जाऊन बसतं, वरच्या काळ्या अर्ध्यातल्या पेशी असोत की खालच्या पिवळटसर, सगळ्यांत. ब्लास्टुलाचा (पोकळ पेशीगोळ्याच्या अवस्थेतल्या गर्भाचा) छेद सी-कॅडहेरिनसाठी चमकणाऱ्या रंगाने रंगवून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा, दोन पेशींमधली प्रत्येक रेघ उजळलेली दिसते आणि बाहेरची, पाण्याकडची कड काळीच राहते. 1994 मध्ये जीवशास्त्रज्ञ जॅनेट हीसमन आणि सहकाऱ्यांनी हा आईकडून आलेला साठा कमी करून पाहिला, तर ब्लास्टुलाच्या आतल्या पेशी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या सुट्या झाल्या.

ई-कॅडहेरिन येतं गॅस्ट्रुलेशन (पेशी आत सरकून गर्भाचे थर बनतात तो टप्पा) सुरू झाल्यावर, आणि तेही एक्टोडर्ममध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात. आत सरकणाऱ्या मेसोडर्मला, म्हणजे मधल्या थराला, ते मिळत नाही, तिथे सी-कॅडहेरिनच असतं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट: आकृत्यांमधला सी कडून ई कडे जाणारा बाण, म्हणजे सी जाऊन ई येतं असं दाखवणारा. असा बाण काढूच नका, कारण ई आलं म्हणून सी जात नाही, एक्टोडर्मच्या पेशीत दोन्ही शेजारी शेजारी असतात. खरी अदलाबदल पुढे न्यूरल प्लेटमध्ये (एक्टोडर्मच्या ज्या भागातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिथे) होते, तिथे ई जातं आणि एन-कॅडहेरिन येतं, शेजारच्या त्वचेच्या पेशी मात्र ई धरूनच राहतात.

नावाचाही घोळ आहे. जुन्या पेपरांत ईपी-कॅडहेरिन दिसलं तर ते सी-कॅडहेरिनच, उंदराच्या ई-कॅडहेरिन आणि पी-कॅडहेरिन दोघांशी साम्य होतं म्हणून तसं नाव पडलं. कित्येक जण त्यातला ई बघून ते ई-कॅडहेरिनच्या खात्यात टाकतात आणि मग ब्लास्टुलात ई सापडलं म्हणून सांगत सुटतात.

आकृतीखाली नुसतं "कॅडहेरिन" लिहू नका प्लीज, अक्षर लिहा आणि स्टेज पण लिहा. स्टेज 9 (ब्लास्टुला) आणि स्टेज 12 (गॅस्ट्रुलेशन) चं उत्तर एक नाही.