मिशनची घाई आणि स्थानिक मंडळीची बांधणी

ख्रिस्ती मिशनकामातला हा जुना पेच आहे. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, लवकरात लवकर सगळ्यांपर्यंत पोचावी ही एक तळमळ, आणि जिथे पोचली तिथे स्वतःच्या पायावर उभी राहणारी मंडळी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांचं चर्च, तयार व्हावी ही दुसरी, पण माणसं आणि पैसा तेवढाच, त्यामुळे ओढाताण होतेच. १८८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने याच पिढीत जगभर सुवार्ता पोचवायची असा ध्यास घेतला आणि हजारो तरुण घर सोडून परदेशी गेले. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे रूफस अँडरसन सांगत होते की मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रचार स्वतः सांभाळला पाहिजे, मिशनरी काय, आज आहे उद्या नाही.

आंध्रातल्या ओंगोलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात तिथले बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका तुकड्याचं कंत्राट घेतलं, का तर भुकेल्या लोकांना मजुरी मिळावी. मिशनचे तेलुगू प्रचारक तिथे मुकादम होते, दुपारच्या सुट्टीत मजुरांशी बोलत बसायचे. शेकडो लोक बाप्तिस्मा मागायला लागले, त्यात बरेचसे मादिगा या दलित समाजाचे, पण क्लाऊ यांनी वर्षभराहून जास्त काळ कुणालाच दिला नाही, कारण धान्यासाठी आलेला कोण आणि विश्वासाने आलेला कोण हे तेव्हा कळणार कसं? मदत बंद झाल्यावरही लोक येत राहिले, मग ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा प्रचारक, एकावेळी दोघे पाण्यात, ते दमले की पुढचे दोघे. आकडाच सगळे सांगतात, माझ्या मते त्याआधीचं थांबणं जास्त मोलाचं, आणि खरं काम तर त्यानंतरचं, गावोगाव विखुरलेल्या एवढ्या नव्या लोकांना शिकवणार कोण हे.

आपल्याकडे अहमदनगरला हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकन बोर्डाच्या इथल्या मिशनची, तिथली मंडळी १८३३ ची. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः भारतात आले, त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणून दीक्षा मिळाली, म्हणजे मंडळी मराठी माणसांच्या हाती देण्याची सुरुवात झाली. हे चांगलंच झालं, पण अँडरसन यांनी इंग्रजी शाळांवरचा खर्चही कमी करायला लावला, आणि शिक्षणाला कात्री लावली तर पुढचे पाळक येणार कुठून? शेवटी १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, सुरू केली, कवी नारायण वामन टिळक पुढे तिथेच शिकवत होते.

टिळकांना मिशनच्या पगारावर चालणारं ख्रिस्तीपण खुपत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार उभा करायला घेतला, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील. १९१९ मध्ये ते गेले, दरबाराला बाळसं धरायला वेळच मिळाला नाही. गावातल्या मंडळ्यांपुढे पाळकाच्या पगाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला, वर्गणी आणि दशमांशातून, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून, तो निघतो का, आणि नाही निघाला तर पाळकाने शेती किंवा शाळेतली नोकरी करत मंडळी सांभाळायची का.