हाफकिन, वाल्देमार (1860–1930)
कॉलरा आणि प्लेग, दोन्हींवर लस काढणारे संशोधक. जन्म ओडेसाचा. आपल्याकडे सर्रास डॉ. हाफकिन म्हणतात, पण शिक्षण प्राणिशास्त्राचं, डॉक्टरकीची डिग्री नव्हती, आणि हे गोऱ्या मेडिकल ऑफिसरांना कायम खुपत राहिलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये केलेली कॉलऱ्याची लस 1892 ला आधी स्वतःला टोचून घेतली, पुढच्या वर्षी कलकत्त्याला आले.

1896 ला मुंबईत प्लेग सुरू झाला तसं ग्रँट मेडिकल कॉलेजात काम मांडलं. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे जंतू त्याला धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात, मग तापवून ते मारायचे. 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःलाच, मग भायखळ्याच्या जेलातल्या कैद्यांना.

बेळगाव, धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. इकडं साथ 1897-98 च्या सुमारास आली असावी. उंदीर पडायला लागले की घराला कुलूप घालून माळावर झोपड्या मारायच्या, लोकांचा भरवसा त्यावरच जास्त. हुबळीत मात्र 1898 ला हजारोंनी टोचून घेतलं. बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या नावानं घोटाळा होऊ नये: तिथं देवीची लस व्हायची, वासरांवर. प्लेगची मुंबईहून यायची.

वाद आहे तो मुलकोवालचा. 30 ऑक्टोबर 1902, पंजाबातलं गाव, 107 जणांना टोचलं, पैकी एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं गेले. चौकशीत ठपका मुंबईच्या लॅबवर आला आणि हाफकिनना पद सोडावं लागलं, कारण नव्या पद्धतीत त्यांनी कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक वगळून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. शिवाय घाण लॅबमध्येच गेली असती तर एवढ्या दिवसांत लसीला वास मारला असता, आणि उघडताना तसला वास नव्हता. म्हणजे घाण गावात बाटली उघडतानाच गेली, हेच म्हणणं जास्त पटतं. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस वगैरेंनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्यांची बाजू मांडली, मग हाफकिन निर्दोष ठरले. नोकरी परत मिळाली ती कलकत्त्याला, मुंबईत नाही.

लस घेतली म्हणजे प्लेग होतच नाही असं नव्हतं, लागण आणि मृत्यू दोन्ही कमी व्हायचे, सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननंही तेच मान्य केलं. परळच्या लॅबला 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं. मृत्यू लोझानला, 26 ऑक्टोबर 1930.