एसएमएस संपला? नाही

‘व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि जगातून एसएमएस संपला’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे. गप्पा तिकडे गेल्या. बँकेचे ओटीपी, गॅस बुकिंगचे निरोप अजूनही एसएमएसने येतात. त्याला इंटरनेट लागत नाही. फोन रेंजबाहेर असेल तर निरोप कंपनीच्या केंद्रात काही काळ थांबतो. म्हणूनच मासेमारीची होडी बंदराजवळ आली की खिशातला फोन एकामागून एक वाजू लागतो.

डेटा आणि वायफाय बंद करून घरातल्याच दुसऱ्या नंबरवर एसएमएस पाठवून बघा. पोचतो. मात्र इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०च, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. ७१वं टाकलंत की दोन एसएमएसचे पैसे.