पोशाखाखालचे जुने रंग

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये पाब्लो पिकासोचे १९०५ सालचे ‘फॅमिली ऑफ सॉल्टिम्बँक्स’ हे चित्र आहे. सुमारे २१३ सेंटिमीटर उंच आणि २३० सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासवर ओसाड माळरानात सहा भटके कसरतपटू दिसतात. डावीकडच्या हार्लेक्विनच्या (जुन्या इटालियन नाटकांतील विदूषकाच्या) अंगात शंकरपाळ्यांच्या आकाराच्या ठिगळांचा नाटकी पोशाख आहे आणि त्याचा चेहरा खुद्द चित्रकाराशी मिळताजुळता आहे.

या रंगांखाली आधीची चित्रे दडलेली आहेत. पिकासोची त्या काळातील ओढग्रस्ती सर्वज्ञात आहे. बार्सिलोनात सोलेर नावाच्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायचे आणि मोबदल्यात चित्रे द्यायची, असा त्याचा व्यवहार होता. अशा माणसाने एवढा मोठा कॅनव्हास पुन्हा वापरला, यात नवल नाही.

क्ष-किरणांनी छायाचित्र काढले की खालचे चित्र दिसते ते मुख्यतः शिशामुळे. जुन्या तैलचित्रांतील पांढऱ्या रंगात अनेकदा शिशाचे संयुग असे. शिशाचा अणुक्रमांक ८२ असल्याने ते क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. कापडाचे तंतू आणि तेल मात्र कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे असल्याने त्यांतून किरण सहज पार होतात. त्यामुळे फिल्मवर शिशाचा जाड थर उजळ उमटतो, मग तो वर असो वा तळाशी.

खरी अडचण नेमकी येथेच आहे, कारण क्ष-किरणचित्रात सगळे थर एकाच प्रतलावर येतात आणि कोणता हात कोणत्या चित्रातला, हे ओळखणे कठीण होते. १९८० मध्ये कला-इतिहासकार ई. ए. कार्मीन यांनी क्ष-किरणचित्रांची पिकासोच्या रेखाटनांशी तुलना करून या कॅनव्हासवर एक सर्कस-कुटुंब, नंतर दोन कसरतपटू आणि त्यानंतर आजच्या चित्राची आधीची अवस्था होती, असे दाखवले. माझ्या मते यात यंत्राइतकेच श्रेय त्या कागदांना आहे.

आता क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या साहाय्याने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे जे ठरावीक किरण बाहेर टाकते ते मोजून, मूलद्रव्यांचे वेगवेगळे नकाशे काढता येतात. पारा दिसला तर हिंगुळाचा लाल रंग असावा, तांबे आणि आर्सेनिक एकत्र आढळले तर एमराल्ड हिरवा असावा, असे अनुमान बांधता येते. मंजिष्ठेसारखे सेंद्रिय रंग मात्र या तंत्राच्या हाती सहसा लागत नाहीत, कारण त्यांच्यातील हलक्या मूलद्रव्यांचे क्षीण किरण हवेतच शोषले जातात.