सड्यावरून समुद्राकडे : रोड सायकल भाड्याने नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

गोव्यात समुद्र कुठूनही फार लांब नाही. म्हणून पुष्कळजण नकाशा बघून "चाळीसच किलोमीटर" म्हणतात आणि निघतात. इथे हिशेब अंतराचा नव्हे, चढांचा करावा लागतो. जमीन जांभ्याच्या सड्यांची, म्हणजे सपाट माथ्याच्या पठारांची आहे आणि दोन सड्यांच्या मध्ये नदी व तिच्या काठची खाजन शेती, म्हणजे बांध घालून राखलेली सखल खारी जमीन. रस्ता सड्यावरून खाजनात उतरतो, पूल किंवा फेरीबोट ओलांडतो आणि पलीकडे लगेच पुन्हा चढू लागतो. चढ लहान, पण उभे. घाटात एकदा लय सापडली की ती तासभर टिकते, इथे ती सारखी मोडते. दमछाक होते ती त्यामुळे.

आमच्या रोड सायकलींना पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११ ते ३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आहे. पुढे ३४, मागे ३२ ठेवून मिनिटाला साठ वेळा पेडल फिरवले तर ताशी साधारण आठ किलोमीटर वेग मिळतो. चढाला तो पुरे. गिअर मात्र चढ सुरू होण्याआधी, पायांवर जोर नसताना बदला. उतारावरून मोठ्या चकतीवर वेगात येऊन चढाच्या तोंडाशी, जोर लावतानाच लहान चकती मागितली की चेन आतल्या बाजूला पडते. आमच्याकडे सर्वात जास्त तक्रारी याच कारणाने येतात. चेन पडली तर सायकल कडेला घ्या. मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा पुढे ढकलला की चेन सैल होते. ती लहान चकतीच्या खालच्या दातांवर बसवा आणि पेडल हाताने उलटे फिरवा, म्हणजे ती वर चढत जाईल. जोराने ओढू नका, दात आणि फ्रेम दोन्ही खरवडतात.

हवा : टायर २८ मिलिमीटरचे आहेत. सत्तर किलो वजनाच्या माणसाला मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठीक. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, रस्ता ओला असेल तर पाच-सात कमी करा. फार कमी केली तर खड्ड्याची कड टायरमधून रिमवर आदळते आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. एकच भोक असेल तर कारण बहुधा काटा, काच किंवा तार. तेव्हा नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून ती वस्तू काढा. ती राहिली तर नवी ट्यूबही काही मिनिटांत पंक्चर होईल. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पॅच आणि पंप असतो. ताब्यात घेताना उघडून बघा.

कधी निघावे

पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहत असतो, म्हणजे पाठीवर असतो. जमीन तापली की खारा वारा उलटा सुरू होतो, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर येतो. म्हणून उजाडताच निघा आणि दहाच्या आत समुद्र गाठा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. तेव्हा तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. थोड्या पाण्यात घट्ट केलेले द्रावण पोटात ढवळते.

मडगाव – असोळणा – बेतुल – काब द राम – आगोंद – पाळोळे

सुमारे ५५ किलोमीटर. पाय तयार असलेल्यांना आम्ही आधी हीच वाट सांगतो. नावेली, चिंचोणेमार्गे असोळण्यापर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. वेग मिळतो, पण इथे ताकद उधळू नका. बेतुलला साळ नदी समुद्राला मिळते आणि गावातून बाहेर पडताच रस्ता पठारावर चढतो. वाटेतला पहिला खरा चढ हाच. दोन्ही बाटल्या बेतुललाच भरा, कारण पुढे दुकाने विरळ आहेत.

पठारावर सावली कमी आणि वारा उघडा. तिथून काब द रामपर्यंत रस्ता सरळ कधीच राहत नाही. ओहोळात उतरायचे, लगेच वर यायचे, पुन्हा उतरायचे. उतारांच्या तळाशी अरुंद मोरी आणि वळण एकत्र येते आणि वळणावर लाल खडी पसरलेली असते. ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नव्हे. काब द रामचा किल्ला मुख्य रस्त्यापासून थोडा आत, समुद्राच्या कड्यावर आहे. सोंधेकर राजांकडून पोर्तुगिजांनी तो १७६३ मध्ये घेतला. तिथे विसावा घ्याच, कारण आगोंदकडे जाताना चढउतारांची आणखी एक माळ बाकी असते. ह्या डोंगरउतारांवर खोलची मिरची पिकते. मोसमात ती रस्त्याकडेला वाळत घातलेली दिसली तर चाक दूर ठेवा.

परतीला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचा करमल घाट सायकलने करू नका. वळणे आंधळी आहेत, अवजड वाहने फार आणि कडेला सरकायला जागा नाही. काणकोणला चावडीवर आमची गाडी घ्यायला येते, त्यासाठी आदल्या दिवशी सांगा.

डिचोली – मये – नार्वे – दिवाडी – जुने गोवें – पणजी – मिरामार

नवख्यांना आणि वयस्कांना ही वाट जास्त मानवते. डिचोलीहून मयेमार्गे नार्व्यापर्यंत बारीक चढउतार आणि माडा-पोफळींची सावली आहे. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ नार्व्यातच. त्या देवाचे मूळ स्थान दिवाडीवर होते, आणि तुम्हीही इथून फेरीबोटीने दिवाडीलाच जाता. बेटावर रस्ते शेतांमधून सपाट जातात. चढ एकच, पिएदादच्या चर्चच्या टेकडीचा.

दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्यात उतरलात की पणजी दहा किलोमीटरवर. रायबंदर आणि पणजीमधला बांधाचा रस्ता १६३०च्या दशकातला, मिठागरे आणि कांदळवनातून जाणारा, अरुंद. तिथे एकामागे एक चाला आणि कुणाला मागे टाकू नका. सकाळी आठनंतर कार्यालयाची गर्दी लागते.

डिचोली भागात खनिजाचे ट्रक चालू असतील त्या दिवसांत धूळ दाबायला रस्त्यावर पाणी मारतात. त्या लाल लगद्यावर टायर साबणासारखा घसरतो. अशा वेळी ब्रेक हळू आणि दोन्ही मिळून दाबा, हँडल सरळ ठेवा.

फेरीबोटीच्या धक्क्यावर सायकल नेहमी हाताने न्या. ओहोटीला उघडा पडलेला उतार शेवाळलेला असतो, आणि बोटीची फळी व धक्का यांच्या फटीत रोड सायकलचे बारीक चाक अडकते. आधी गाड्या उतरू द्या, मग तुम्ही.

शिवोली, मोरजी, हरमल, केरी हा उत्तरेचा रस्ता सोपा आहे, पण डिसेंबरच्या शेवटी वाहनांची रांग हटत नाही. तो आठवडा टाळा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आम्ही डिस्क ब्रेकच्याच (चाकाच्या मध्यावरची चकती धरणाऱ्या ब्रेकच्या) सायकली देतो. चाकाची कड धरणारा रिम ब्रेक ओला असताना पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात, शिवाय जांभ्याचे बारीक कण ब्रेकच्या पॅडमध्ये रुतून रिम कानशीसारखी घासते. झाडांखालच्या रस्त्याच्या कडा ऑगस्टपर्यंत हिरव्या होतात, म्हणून चाक वाहनांच्या पट्ट्यात ठेवा. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. खालचा खड्डा दिसत नाही आणि जांभ्याच्या खड्ड्यांची कड धारदार असते. रेल्वेचे रूळ कोणत्याही ऋतूत काटकोनातच ओलांडा.

वाळूत सायकल ढकलू नका, किनाऱ्यावर टेकवून ठेवू नका. खारी हवा एका रात्रीत चेनवर तांबूस पूड आणते. मुक्काम असेल तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा (हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, जोराची धार नको), फडक्याने पुसा आणि चेनच्या प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल टाकून वरचे जास्तीचे पुसून घ्या. तेलाचा फवारा वापरू नका. तो डिस्कवर उडाला की पॅड भिजतात, ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, आणि मग पॅड बदलण्यावाचून इलाज नसतो. असे झाले तर उतार चालत उतरा आणि आम्हाला लगेच फोन करा, पॅड घेऊन आम्हीच येऊ.