टी-पेशींची सक्रियता (कर्करोगावरील इम्युनोथेरपीत)

इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीकरवी कर्करोगाशी लढणारी, औषधे घेतल्यावर कर्करुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, पुन्हा विभागू लागतात आणि गाठीवर चालून जातात, ती अवस्था. काढे-चूर्णांच्या जाहिरातींतील ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेशी तिचा काही संबंध नाही. येथे शक्ती वाढवली जात नाही, तिच्यावरचा अटकाव काढला जातो.

दीर्घकाळ गाठीशी झुंजून टी-पेशी थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ हे अटकाव करणारे प्रथिन साचते. गाठीच्या पेशी त्याला चिकटणारे प्रथिन पुढे करून हल्ला थोपवतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे म्हणजे प्रतिपिंडे, नेमक्या एका प्रथिनाला चिकटणारे रेणू; ती पीडी-१ झाकून टाकतात. हे प्रथिन शोधणारे तासुकू होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या अटकावावर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र पूर्ण थकलेल्या पेशी सहसा सावरत नाहीत. प्रतिसाद येतो तो मुख्यतः लसीका ग्रंथींत व गाठीत राखीव असलेल्या, मूळपेशींसारख्या, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या, टी-पेशींकडून.

ही हालचाल रक्तात दिसते. फ्लो सायटोमेट्री यंत्रात पेशींना रंगीत प्रतिपिंडे लावून त्या लेझरसमोरून सोडतात. केआय-६७ प्रथिन असलेल्या पेशी विभागत आहेत असे समजतात. पहिल्या मात्रेनंतर साधारण तीन आठवड्यांत अशा सीडी८ (थेट मारा करणाऱ्या) टी-पेशी वाढलेल्या आढळतात. पण रक्तातली वाढ म्हणजे गाठ विरघळली असे नव्हे. उलट काही जणांत टी-पेशी आत शिरल्याने गाठ आधी सुजते आणि स्कॅनवर आजार बळावल्यासारखा दिसतो.

कोल्हापूर जिल्ह्यात तंबाखू, मावा, मिश्री यांची सवय जुनी असल्याने तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न मोठा आहे. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डोके-मान कर्करोगाची एक चाचणी येथे विशेष मोलाची ठरते. तीत १५१ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. वर्षभराने या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते, केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के. एवढ्या थोड्या औषधाने काम व्हावे याला आधार आहे : अल्प मात्रेतही टी-पेशींवरील बहुतेक पीडी-१ झाकले जाते आणि दोन महिन्यांहून अधिक काळ झाकलेले राहते. लाखांचा खर्च हजारांत आणणारी ही वाट आहे.

सीएआर-टी या इम्युनोथेरपीच्या वेगळ्या पद्धतीत रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, जनुकीय बदल करून परत सोडतात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या नेक्सकार१९ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली; तो बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, तोंडाच्या गाठींसाठी नाही.

निव्होलुमॅबसारख्या औषधांनी सक्रिय झालेल्या पेशी रुग्णाच्या अवयवांवरही उलटू शकतात. मुंबईत सलाइनमधून हे औषध घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने परतलेल्या रुग्णाला आजऱ्यात किंवा राधानगरीत दोन-तीन महिन्यांनी जुलाब, धाप किंवा कमालीचा थकवा सुरू होऊ शकतो, औषध बंद झाल्यावरही. गावचे डॉक्टर साहजिकच आधी जंतुसंसर्ग धरतात. म्हणून इम्युनोथेरपीची चिठ्ठी जवळ बाळगून ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. आतडे वा फुप्फुसाचा दाह बहुधा वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने आटोक्यात येतो. हृदयाचा दाह विरळा, पण जीवघेणा. थायरॉइड ग्रंथी निकामी झाली तर गोळी बहुतेकदा जन्मभर घ्यावी लागते.